एकट्यानं एल्कची शिकार: आखणी मांसापासून उलटी करा

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला पहिल्यांदा एकटे जाणारे बहुतेक जण रायफल, दुर्बीण आणि कपडे यांवर महिने घालवतात. गोळी लागल्यानंतरच्या दोन दिवसांचा विचार मात्र गोळी लागल्यावरच सुरू होतो. एकट्या माणसाच्या हातून मांस नासतं ते यामुळे, आणि बऱ्याचदा माणूस जायबंदी होतो तोही यामुळेच. म्हणून खालचे टप्पे मुद्दाम उलट्या क्रमानं सुरू केले आहेत: आधी मांस, मग अंतर, मग तळ, आणि शेवटी जनावराचा शोध.

हे सगळं कोलोराडोतल्या सार्वजनिक जमिनीवरच्या, परवाना घेऊन केलेल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामातल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा यातलं काही तिकडे लागू करायला जाऊ नका.

## टप्पा १: अंतराचं गणित

पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ७०० पौंडांचा, मादी ५०० च्या आसपास. हाडं काढल्यावर नराचं सुमारे २०० पौंड मांस हाती येतं, मादीचं १३० ते १५०. डोंगरउतारावर, ओंडक्यांवरून पाय टाकत एकटा माणूस पुन्हा पुन्हा नेऊ शकेल असं ओझं ५० ते ६० पौंडांचं. म्हणजे नरासाठी ४ फेऱ्या. तळाचं सामान आणि शिंगं यांची फेरी वेगळी.

चार फेऱ्या म्हणजे ओझं घेऊन ४ वेळा जाणं आणि रिकाम्या हातानं ३ वेळा परत येणं. जनावर गाडीपासून ३ मैलांवर पडलं तर २१ मैल चाल झाली. ओझ्यासह वेग तासाला १ मैल, रिकाम्या हातानं २ मैल धरा. म्हणजे १२ तास अधिक साडेचार तास. त्यात कापणीचे ४ ते ६ तास मिळवा. हे दोन पूर्ण दिवसांचं काम आहे. हेच अंतर ५ मैल झालं की चाल ३५ मैलांवर आणि वेळ साडेसत्तावीस तासांवर जातो. दीड मैलावर असेल तर साडेदहा मैल, सव्वाआठ तास, म्हणजे एका दिवसात आटोपण्यासारखं.

आता हवामान जोडा. रात्री पारा गोठणबिंदूखाली आणि दिवसा ४० फॅरनहाइटच्या आसपास असेल, तर सावलीत टांगलेलं मांस काही दिवस आरामात टिकतं. दुपारी ६० च्या वर जात असेल तर तुमच्या हातात जेमतेम एक दिवस आहे, आणि मोठ्या मांडीच्या आतलं मांस त्याही आधी बिघडू शकतं.

या दोन हिशोबांतून स्वतःची हद्द ठरवा. पहिल्या वर्षी एकट्यानं जाणाऱ्यासाठी वाटेनं २ मैलांच्या आत, आणि परतीच्या वाटेवर मोठा चढ नको, ही हद्द रास्त आहे. गाडीकडे परतताना १,००० फूट चढायचं असेल तर वरच्या आकड्यांत निम्मी भर घाला.

इशारा: फ्लॅट टॉप्ससारख्या विल्डरनेस क्षेत्रात (वाहनांना बंदी असलेल्या राखीव रानात) चाकांची ढकलगाडी, सायकल, काहीच चालत नाही. “कार्टवर घालून आणू” ही आखणी तिथे कायद्यातच अडकते. घोडे-खेचरं भाड्यानं हवी असतील तर राज्यात नोंदणी असलेला आउटफिटर (शिकाऱ्यांना जनावरं आणि मदत पुरवणारा व्यावसायिक) हंगामाआधी गाठून दर, दिवस आणि फोन नंबर ठरवून ठेवा. जनावर पडल्यावर फोन लावला तर तो दुसऱ्या कुणाचं मांस आणायला गेलेला असतो.

## टप्पा २: परवाना, आणि व्हिसा

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. दुसऱ्या राज्याचं कार्ड कोलोराडोत चालतं. ड्रॉचे (परवान्यांच्या सोडतीचे) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, आणि अर्ज करण्यापूर्वी पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो. इथे दरवर्षी माणसं अडकतात. कोणत्या युनिटला (शिकारीसाठी आखलेल्या विभागाला) कोणता परवाना, तो ड्रॉनं की थेट, हे बदलत राहतं. त्या वर्षीची कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफची (सीपीडब्ल्यू) पुस्तिका उतरवून घ्या, मित्राच्या गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानं गुन्हा आहे. मुदतीत असलेला शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला अपवाद. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेणं हेही बाळगण्यात मोडतं. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशन, मग परवाना (लहान प्राण्यांच्या शिकारीचा वार्षिक परवानाही चालतो), आणि त्यानंतरच रेंज. परवाना संपला की अपवादही संपला. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. तुमची स्थिती वेगळी असेल, अर्ज अधांतरी असेल, तर इमिग्रेशन वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. इथली चूक केवळ दंडावर भागत नाही.

तपासा, पाठ करा:
- रायफल हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी, आणि डोक्यावर त्याच रंगाचं, सर्व बाजूंनी दिसणारं काही. छापील नक्षीचं केशरी ग्राह्य नाही.
- गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास.
- बऱ्याच युनिट्समध्ये नराच्या एका शिंगाला किमान ४ टोकं, किंवा कपाळाजवळचं टोक किमान ५ इंचांचं असावं लागतं. दुर्बिणीतून टोकं मोजता येत नसतील तर बोट ट्रिगरजवळ नेऊच नका.
- खासगी जमिनीवर प्रवेशबंदीची पाटी असणं कोलोराडोत बंधनकारक नाही. हद्द ओळखणं ही तुमची जबाबदारी.

## टप्पा ३: शरीर आणि रायफल

धावण्याचा सराव उपयोगी, पण पुरेसा नाही. जूनपासून आठवड्यातून दोनदा पाठीवर वजन घेऊन चढ-उतार करा: २० पौंडांपासून सुरुवात, सप्टेंबरपर्यंत ५०. वजनासाठी पाण्याचे कॅन घ्या, म्हणजे गुडघ्यानं कुरकुर केली तर माथ्यावर पाणी ओतून हलकं उतरता येतं. गुडघे उतरताना जातात हे विसरू नका.

कोलोराडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) आणि ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची, पसरणारी गोळी लागते. ही कायद्याची किमान पातळी झाली, शहाणपणाची नव्हे. .२७० विंचेस्टर, .३०८, .३०-०६, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम यांपैकी जी रायफल तुम्हाला दचकवत नाही ती घ्या. गोळी १४० ते १८० ग्रेनची, हाडाला लागून फुटून न जाणारी. मोठ्या कॅलिबरच्या धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्यापेक्षा .२७० नीट चालवणारा कधीही बरा.

रायफलचा नेम २०० यार्डांवर जुळवा आणि मग रेंजवरचं टेकायचं बेंच सोडून द्या. बसून, गुडघ्यावर, सॅक पुढे ठेवून आडवं पडून असा सराव करा. थोडं पळत जाऊन धाप लागलेली असताना ८ इंचांच्या ताटलीवर पहिली गोळी टाका. ज्या अंतरावर थंड नळीतून सुटलेली ती पहिली गोळी दर वेळी ताटलीत जाते, तेच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते २०० ते २५० यार्डांच्या पुढे जात नाही.

विमानानं जाणार असाल तर रायफल रिकामी, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून. पोचल्यावर दोन-तीन गोळ्या झाडून नेम पुन्हा तपासा. प्रवासात स्कोप हलणं नवलाचं नाही.

## टप्पा ४: नकाशावर “इथे गोळी नाही” लिहा

ऑनएक्स, गाया यांसारख्या ॲपमध्ये नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. सोबत १:२४,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच. थंडीत फोनची बॅटरी अचानक बसते. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा.

एल्कला तीन गोष्टी लागतात: चारा, पाणी आणि लपायला जागा. शिकाऱ्यांची वर्दळ सुरू झाली की तिसरीला सगळ्यात जास्त किंमत येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर स्प्रूस-फरचं दाट, अंधारं जंगल असतं, दिवसा कळप तिथे बसतो. रात्री आणि झुंजुमुंजु होताना तो गवताच्या मोकळवनात चरतो. ९,००० ते ११,००० फुटांमध्ये या दोन जागा जिथे एकमेकींना लागून आहेत आणि जवळ झरा आहे, अशा पाच-सहा जागा खुणावून ठेवा. रस्त्यापासून मैलभर आत पण वाट नसलेली जागा अनेकदा चार मैल आतल्या जागेइतकीच शांत निघते. पायवाटेनं सगळेच पुढे पुढे जातात, मधली आडवी घळ कुणी बघत नाही. एकट्या माणसाला हीच जागा परवडते.

आता लाल रंग घ्या. पहिल्या टप्प्यात ठरवलेल्या हद्दीबाहेरचं सगळं, खोल घळी, वाऱ्यानं पडलेल्या ओंडक्यांची जंगलं, खासगी जमिनीलगतची २०० यार्डांची पट्टी, सगळं लाल करा. लाल भागातल्या जनावरावर गोळी झाडायची नाही, मग ते कितीही मोठं असो. हा निर्णय घरी, टेबलावर, पोट भरलेलं असताना घ्यायचा. समोर शिंगं हलताना दिसली की कुठलीही घळ उथळच वाटते.

## टप्पा ५: सामान

सगळी यादी देण्यात अर्थ नाही. एकट्यामुळे जे बदलतं तेवढंच इथे.

- सॅक: फ्रेमची, मांसासाठी वेगळा कप्पा उघडणारी, ६० पौंड कमरेवर पेलणारी. ट्रेकिंगची साधी सॅक एवढ्या वजनाला खांद्यावर येते.
- सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र): गार्मिन इनरीच किंवा तत्सम. तो सॅकमध्ये ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा. घसरून पडलात आणि सॅक वीस फूट खाली गेली तर?
- रक्तस्राव थांबवण्यासाठी: टूर्निके (हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा), दाब देणारी पट्टी. टूर्निके एका हातानं स्वतःच्या मांडीला आणि दंडाला बांधायचा सराव करून या.
- सुऱ्या: ४ इंची स्थिर पात्याची एक, बदलत्या पात्यांची एक, धार लावायचा छोटा दगड. कापरोधक हातमोजा, सुरी नसलेल्या हातासाठी.
- मांसाच्या कापडी पिशव्या: ५ किंवा ६, हवा खेळणाऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस म्हणजे नासवायला ठेवलेलं मांस.
- ५० फूट पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत दोरी), रंगीत खुणेची फीत, दोन हेडलॅम्प.
- पाणी: पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की निकामी होतो, आणि बाहेरून तसं दिसतही नाही. रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या. राखीव म्हणून क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या.
- खाणं: दिवसाला ३,००० ते ४,००० कॅलरी. शेंगदाण्याचे लाडू, तुपातले बेसनाचे लाडू, गुळपापडी हे वजनाच्या मानानं उत्तम. पोहे आणि मेतकूट गरम पाण्यावर भागतं. थंडीत स्वयंपाक करायचा कंटाळा येतो हे गृहीत धरून निम्मं खाणं न शिजवता खाण्यासारखं न्या.
- कपडे: सुती काहीही नको, अगदी आतलेही. ओलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं.

गाडीत दोन मोठे कूलर आणि त्यात आधीच गोठवलेले पाण्याचे कॅन. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात तरंगतं, कॅनचं पाणी कॅनमध्येच राहतं.

## टप्पा ६: मागे राहणाऱ्या माणसाकडे कागद

घरच्यांना नुसतं “रविवारी येतो” सांगून निघू नका. एका पानावर लिहा: गाडी कुठे उभी असेल आणि तिचा नंबर, तळाचे अक्षांश-रेखांश, रोज कोणत्या दिशेला जाणार, रोजच्या निरोपाची वेळ, आणि निरोप आला नाही तर काय करायचं. कोलोराडोत शोध आणि बचावाची जबाबदारी त्या त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफची, म्हणजे पोलीस प्रमुखाची असते. त्या कार्यालयाचा नंबर कागदावर हवा.

अंतिम वेळ ठरवा, उदाहरणार्थ रात्री ९ चा निरोप चुकला तर सकाळी ९ पर्यंत थांबायचं आणि मग फोन करायचा. “जनावर पडलं, उशीर होईल, मी ठीक आहे” हा निरोप मेसेंजरमध्ये आधीच तयार करून ठेवा. मांस कापताना घड्याळ विसरलं जातं आणि घरी बायको शेरीफला फोन लावते, असं होतं.

## टप्पा ७: पहिले दोन दिवस

समुद्रसपाटीच्या शहरातून उडून संध्याकाळी १०,००० फुटांवर झोपू नका. एक रात्र ६,००० ते ८,००० फुटांवर काढा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंची लागल्याची लक्षणं, ती कमी होईपर्यंत आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी. सोबत कुणी असतं तर त्यानं तुमचा चेहरा पाहून ओळखलं असतं. एकट्यानं ठरावीक वेळी स्वतःला विचारायचं: डोकं दुखतंय का, लघवी शेवटची कधी झाली, सरळ रेषेत दहा पावलं टाकता येतात का.

तळ ठोकताना वर बघा. कोलोराडोत भुंगेऱ्यांनी मारलेली झाडं लाखांनी उभी आहेत आणि ती वाऱ्यात मोडतात. उभ्या वाळलेल्या झाडाच्या उंचीच्या आत तंबू नको. पाण्यापासून २०० फूट लांब राहा. खाणं तंबूपासून दूर टांगा किंवा अस्वलरोधक डब्यात ठेवा. कोलोराडोत काळी अस्वलं आहेत. वायोमिंग, मोंटाना, आयडाहोच्या काही भागांत ग्रिझली आहेत, आणि तिथे एकट्यानं मांस कापत बसणं हा पहिल्या वर्षाचा विषय नाही.

## टप्पा ८: वारा आधी, एल्क नंतर

एल्कची नजर चुकवता येते, कानांना एखाद्या काटकीचा आवाज माफ असतो, वासाला माफी नाही. एकदा वास लागला की कळप मैल-दोन मैल जातो आणि त्या दिवशी परत येत नाही.

स्वच्छ, शांत दिवशी डोंगरातला वारा वेळापत्रकावर चालतो. पहाटे थंड, जड हवा उताराखाली वाहते. उतारावर ऊन पडून तो तापला की हवा वर चढू लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे जनावरांच्या खालून किंवा आडव्या बाजूनं जा, ऊन चढल्यावर वरून. पलटीच्या वेळेला, साधारण सकाळी ऊन उतारावर आल्यानंतरचा तासभर, हवा गोल फिरते. या तासात दाट जंगलात शिरणं म्हणजे कळपाला निरोप पाठवणं. बसा, दुर्बीण लावा, लाडू खा.

पूर्व उतार आधी तापतो, पश्चिम उतार उशिरा. म्हणजे एकाच वेळी एका धारेच्या दोन बाजूंना वारा उलटा असू शकतो. पावडरची छोटी बाटली गळ्यात ठेवा आणि दर शंभर पावलांवर फुंकर मारून बघा. ढगाळ दिवशी, किंवा वादळ येत असताना, वेळापत्रक मोडतं आणि पावडरीलाच विचारावं लागतं.

खुणांचा ताजेपणा ओळखा. लेंड्या ओलसर, चकचकीत आणि मऊ असतील तर काही तासांपूर्वीच्या. वरून सुकून आतून हिरव्या असतील तर काल-परवाच्या. ताज्या बिछान्यांच्या जागी वास येतो, तबेल्यात येतो तसा उग्र. तो वास आला की थांबा, कळप बहुधा शंभर-दोनशे यार्डांत आहे.

दिवसाचा क्रम: अंधारात, उजाडण्याच्या अर्धा तास आधी मोकळवन दिसेल अशा जागी बसा. साडेनऊपर्यंत दुर्बीण. नंतर वारा स्थिर झाला तर दाट जंगलाच्या कडेनं सावकाश, तासाला अर्धा मैल. बहुतेक जण याच्या तिप्पट वेगानं चालतात आणि त्यांना फक्त पळणारी पाठ दिसते. दुपारी विश्रांती, तीनपासून पुन्हा बसणं.

इशारा: चढताना, ओंडके ओलांडताना, तारेचं कुंपण पार करताना चेंबर रिकामं. एकटे असताना स्वतःची गोळी स्वतःला लागली तर पुढचं सगळं त्या मेसेंजरवर आहे.

## टप्पा ९: गोळी, आणि नंतरचा अर्धा तास

झाडण्याआधी पाच प्रश्न: जनावर कायदेशीर आहे का? लाल भागाबाहेर आहे का? मागे काय आहे, दुसरा एल्क की माणूस? अंतर माझं आहे का? आणि उजेड किती उरलाय? शेवटच्या वीस मिनिटांत लागलेलं जनावर अंधारात शोधावं लागतं.

जनावर आडवं उभं हवं, किंवा किंचित पलीकडे वळलेलं. पुढच्या पायाच्या रेषेत मागच्या बाजूला, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम. समोरून, मागून, पळताना नाही. एल्क गोळी पचवून उभा राहतो, तेव्हा लगेच दुसरी भरा आणि तो उभा असेपर्यंत झाडा. “लागली असेल” म्हणून पाहत बसणं ही नेहमीची चूक.

तो दिसेनासा झाला की जागा सोडू नका. जनावर उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्हींचा फोटो आणि होकायंत्राची दिशा घ्या. स्वतःच्या जागी फीत बांधा. दरी ओलांडून पलीकडे गेलात की सगळी झाडं सारखी दिसतात. अर्धा तास थांबा.

रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाचं, जनावर जवळच असेल. गडद लालसर-तपकिरी असेल तर यकृताचं, ३ ते ४ तास थांबा. हिरवट, घाण वासाचं काही असेल तर गोळी पोटात आहे, ६ ते ८ तास थांबा. लगेच मागे लागलात तर ते जनावर उठेल आणि तुमच्या लाल भागात जाऊन पडेल. बर्फ किंवा पाऊस माग पुसणार असेल तरच घाई.

पडलेल्या एल्कजवळ पाठीकडून, वरच्या अंगानं जा. लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर अजून एक गोळी. मग रायफल रिकामी करून बाजूला ठेवा, परवान्याचा टॅग (जनावराला लावायची चिठ्ठी) सुटा करून लगेच सही आणि तारीख भरा, घरी निरोप पाठवा, पाणी प्या.

## टप्पा १०: पोट न फाडता कापणी

७०० पौंडांचं धूड एकट्याला पलटवणं अवघड असतं, आणि पूर्ण उचलणं तर अशक्यच. म्हणून पोट न उघडण्याची पद्धत.

१. उतार असेल तर आधी शिंगं किंवा पाय वरच्या झाडाला बांधा. अर्धं कापलेलं जनावर घरंगळलं तर सुरीसकट तुम्हीही खाली.

२. जनावर एका कुशीवर. कण्याच्या रेषेवर शेपटीपासून मानेपर्यंत कातडं कापा. पातं कातड्याखालून घालून बाहेरच्या बाजूला ओढा, म्हणजे केस कापले जाऊन मांसावर पडत नाहीत. कातडं पोटाकडे सोलत न्या आणि तेच चटईसारखं पसरून ठेवा.

३. पुढचा फरा. इथे सांधा नसतो, फरा फक्त स्नायूंनी बरगड्यांना धरलेला असतो. पाय वर उचलून बगलेतून कापत गेलं की तो सुटतो. पाय वर धरायला माणूस नाही, तेव्हा दोरीनं वरच्या फांदीला ताणून बांधा.

४. मागची मांडी. आतल्या बाजूनं खुब्याच्या हाडाला चिकटून कापत उखळीच्या सांध्यापर्यंत जा, सांध्यातली शीर कापली की मांडी मोकळी होते. लिंगाचा पुरावा, म्हणजे नराचं वृषण किंवा मादीच्या कासेचा भाग, मांसाच्या एका मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. सफाईच्या भरात तो कापून टाकणं ही दंडाची सगळ्यात सोपी वाट.

५. कण्यालगतचा लांब बॅकस्ट्रॅप, मग मान आणि बरगड्यांवरचं मांस.

६. टेंडरलॉइन कण्याच्या आतल्या बाजूला असतं. शेवटच्या बरगडीमागे छोटी चीर देऊन, एका हातानं पोट खाली दाबत, बोटांनी सोडवून घ्या. इथे घाई केली तर आतडं फुटतं.

७. पलटवा, दुसरी बाजू तशीच.

कोलोराडोत खाण्यायोग्य मांस टाकून येणं गुन्हा आहे. चारही पाय, दोन्ही बॅकस्ट्रॅप आणि दोन्ही टेंडरलॉइन यायलाच हवीत.

इशारा: सुरी नेहमी अंगापासून दूर ओढा आणि कधीही मांडीवर ठेवून काम करू नका. बदलती पाती सांध्यात मोडतात, नेलेली आणि उरलेली पाती मोजा. बोटं बधिर झाली की थांबून हात गरम करा. जखमा बहुतेक शेवटच्या तासात होतात.

## टप्पा ११: थंड करणं आणि वाहणं

मांसाला तीन शत्रू: उष्णता, ओल, घाण. पहिली सगळ्यात वाईट. मांडी हाडासकट नेणार असाल तर हाडाच्या कडेनं लांब चीर द्या, कारण हाडालगतची उष्णता शेवटी निघते आणि सडणं तिथूनच सुरू होतं. गाडी लांब असेल तर हाडं काढा. वजन वाचतं, गारवाही लवकर येतो.

पहिलं काम गाडीकडे धावणं नव्हे. सगळ्या पिशव्या आधी कलेवरापासून किमान १०० यार्ड दूर, वाऱ्याच्या बाजूला, सावलीत हलवा. फांदीला १० फूट उंच आणि बुंध्यापासून ४ फूट लांब टांगा. फांदी नसेल तर आडव्या ओंडक्यांवर, खालून हवा जाईल अशा. जागा अशी निवडा की परत येताना दोनशे यार्डांवरून दुर्बिणीनं दिसेल. अस्वल असलंच तर ते कलेवरावर गुंतलेलं असावं, आणि ते तुम्हाला आधी दिसावं. येताना मोठ्यानं बोलत या.

पहिल्या फेरीत बॅकस्ट्रॅप, टेंडरलॉइन आणि मानेचं मांस न्या. लहान तुकडे लवकर सुकतात-बिघडतात, मोठ्या मांड्या रात्री थंडीत टिकतात. नंतर मांड्या. शिंगं सगळ्यात शेवटी. शिंगं पहिल्या फेरीत नेणारे फोटोसाठी मांस पणाला लावतात, शिवाय सॅकवर शिंगं बांधून जंगलातून चालणं रायफल हंगामात धोक्याचं. ती नेताना केशरी फडकं गुंडाळा.

दर ४५ मिनिटांनी ओझं उतरवा, ते कमरेइतक्या उंच ओंडक्यावर टेकवून. जमिनीवर ठेवलेली ६० पौंडांची सॅक उचलताना पाठ धरते. अंधारात नवी वाट काढू नका, पहिल्या फेरीत फिती बांधत जा आणि शेवटच्या फेरीत सोडवत या. पाय थरथरू लागले तर उरलेली फेरी सकाळी. रात्री गोठत असेल तर मांस तुमच्यासाठी थांबतं.

## टप्पा १२: गाडीपासून फ्रीजरपर्यंत

कूलरमध्ये कॅनच्या वर मांस, झाकण अधूनमधून उघडून ओल पुसा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरीणकुळातला मेंदूचा रोग कोलोराडोत आहे. सीपीडब्ल्यूच्या केंद्रावर डोकं दिलं की घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात. काही युनिट्समध्ये हे सक्तीचं असतं. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस न खाण्याचा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात. म्हणून निकाल येईपर्यंत मांस कुणाला वाटू नका.

दुसऱ्या राज्यात परतणार असाल तर तिथला नियम आधी वाचा. बरीच राज्यं अख्खं डोकं आणि पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि साफ केलेला शिंगांचा कवटीभाग चालतो.

प्रत्येक पाकिटावर तारीख, कोणता भाग आणि तपासणीचा नमुना क्रमांक लिहा. दोन जनावरांचं मांस एकत्र दळू देऊ नका, खाटिकाला तसं लिहून द्या. एकाचा निकाल वाईट आला तर दोन्ही फेकावी लागतात.